शिकल्याचा पुरावा

“पण शिकल्याचा पुरावा काय, मामा?” समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

धोंगडे मामा याच कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये एकतीस वर्षं शिपाई होते. नोकरीतल्या अनुभवाचे क्रेडिट्स मिळून पदवी लवकर होते, ही नोटीस फलकावर त्यांनीच चिकटवली होती आणि पहिला अर्जही त्यांनीच टाकला होता.

“सगळे प्रयोग मीच मांडतो की.”

“ते झालं काम. मला कागद दाखवा.”

मामांनी पिशवीतून एक पिवळं पडलेलं जर्नल काढलं. पहिल्या पानावर बाईंचंच नाव होतं, माहेरचं.

“रद्दीत चाललं होतं, ठेवून दिलं,” मामा पुढे वाकून हळूच म्हणाले. “लंबकाचा प्रयोग बघा. तुमचा दोरा तुटला होता, सगळी रीडिंग्ज मी सांगितलेली लिहिलीत. पैकीच्या पैकी मार्क आहेत.”

शेजारच्या सरांनी बघायला हात पुढे केला. बाईंनी जर्नल घाईघाईने आपल्या फायलींखाली सरकवलं.

“प्रात्यक्षिकाचे सगळे क्रेडिट्स मंजूर,” त्या म्हणाल्या. “लेखी परीक्षा मात्र द्यावीच लागेल.”

“देतो की,” मामा म्हणाले. “सुपरव्हिजनला तेवढ्या तुम्हीच या.”