मदतनिसाची जागा

"रसायनतज्ज्ञाची जागा तुम्हाला देता येणार नाही," साहेब म्हणाले. "मदतनिसाची देतो. तीही आजच रिकामी होतेय."

ती जागा कुणाची, हे मुलीला ठाऊक होतं. पाणी तपासण्याच्या या प्रयोगशाळेत तिची आई अठ्ठावीस वर्षं मदतनीस होती आणि आज निवृत्त होत होती.

आईचं शिक्षण शाळेपुरतंच. टाक्यांवरून नमुने आणायचे, बाटल्या उकळायच्या, हे तिचं कागदावरचं काम. प्रत्यक्षात तपासणीही तीच करायची. खाली सही रसायनतज्ज्ञाची. तीन रसायनतज्ज्ञ तिच्या हाताखाली शिकले आणि तिचेच साहेब झाले. आज मुलीसमोर बसलेले साहेब त्यांतलेच तिसरे. तिने दोनदा बढती मागितली. दोन्ही वेळा उत्तर आलं, "बाई, काम चोख आहे तुमचं, पण पदवी नाही." तिला ते पटलं. तिने आयुष्यभर पाणी पाहिलं, पण कधी कुणाला पाण्यात पाहिलं नाही. घरी येऊन मुलीला म्हणायची, "तू मात्र शीक."

मुलगी शिकली. एम.एस्सी., पहिला वर्ग.

"मदतनिसाला शाळेचं शिक्षण पुरतं ना?" तिने विचारलं.

"पुरायचं. आता पदवीवाले ढिगाने मिळतात. या जागेला साठ अर्ज आलेत, बहुतेक पदवीधर मुलीच." साहेबांचा सूर समजुतीचा होता. "रसायनतज्ज्ञाला वेळी-अवेळी टाक्यांवर जावं लागतं. तिथे मुलगा बरा, तो घेतलाय. पाचपर्यंत कळवा."

मागच्या खोलीत आई बाटल्या विसळत होती. मुलीने सगळं सांगितलं.

"टाक्यांवर तर मीच जायचे," आई म्हणाली. मग तिने विचारलं, "ज्याला घेतलं, तो किती शिकलाय?"

"बी.एस्सी. माझ्याच कॉलेजचा. माझ्यापेक्षा दोन वर्षं मागे."

आईने नळ बंद केला. हातातली बाटली उपडी ठेवली.

"काय कळवू त्यांना?" मुलीने विचारलं.

"तू थांब इथे." आईने हात पुसले आणि ती साहेबांच्या खोलीकडे निघाली. "आधी मला विचारू दे, इतकी वर्षं माझं नेमकं कशावाचून अडलं होतं."