पलीकडचा घाट

वारलूनं बंदुकीची नळी बिजागरीवर मोडून खाली ओढली. आतली स्प्रिंग कुरकुरली, खट् झालं. छर्रा बसवून त्यानं नळी सरळ केली आणि तो तलावाच्या पाळीवर पालथा पडला. समोर तीन पाणकावळे पोहत होते. अंग पाण्यात, नुसत्या माना वर. पाण्याला लागून नेम धरला आणि त्यानं घोडा दाबला. तिन्ही पक्षी फडफडत उडाले. एकही मेला नाही, पण मरायलाच पाहिजे असं कुठं होतं? पळाले म्हणजे झालं.

गेल्या साली या काळतोंड्यांनी उच्छाद मांडला होता. तलाव ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या, सोसायटीकडे आला, सगळ्यांनी मोठ्या आशेनं रोहू माशाचं बीज, बारीक पिलं, सोडलं, आणि हे पाहुणे थव्यानं येऊन फस्त करून गेले. जाळं ओढलं तर निघालं शेवाळ. यंदाही तसंच झालं असतं तर अर्धा मोहल्ला खाणीवर मजुरीला गेला असता. म्हणून वारलू मूल गावी गेला. तिथल्या भाताच्या गिरणीतला बाबुलाल आपल्या मुलखात परत निघाला होता आणि त्याला आपली जुनी छर्‍याची बंदूक विकायची होती.

बाबुलाल माणूस काटेकोर. बंदुकीचा लाकडी दस्ता तडकलाय, तारेनं बांधलाय, हे त्यानंच आधी दाखवलं. कोंड्याच्या पोत्यावर चार छर्रे मारून दाखवले. मग म्हणाला, "नळी मोडली का हातानं पक्की धरून ठेव, निसटली तं बोटं जातीन. भरून घरात ठेवायची नाई. माणसाकडं तोंड करायचं नाई. आन् छर्रा कुठी जाऊन थांबते हे ठाऊक नसन, तं घोडा दाबायचाच नाई."

"पाण्यात थांबन," वारलू हसला. "पाणी सारं पोटात घेते, भाऊ."

बाबुलाल पडला गिरणीतला माणूस. पाण्यातलं तो ढिवराला काय सांगणार? त्यानं मान हलवली आणि बंदूक हातात दिली.

गावात सोसायटीचा म्हातारा मुखिया सोमाजी यानं एकच अट घातली. कोणाला खरचटलं जरी, तरी बंदूक बंद. वारलूनं ती अट देवाच्या नेमासारखी पाळली. भरलेली बंदूक कधी घरी नेली नाही. शेतात कोणी असेल म्हणून कधी वर नेम धरला नाही. नेम नेहमी खाली, पाण्यावर.

तिसर्‍याच दिवशी त्याची बायको मनकर्णा धुणं घेऊन घरी आली ती घाबरलेली. "पलीकडच्या घाटावर धुवून राह्यली होती. कानाजवळून काईतरी सुंईकन गेलं. तुमच्या बंदुकीचं असन."

वारलूला हसूच आलं. "अवं, टोळ उडाला असन! सात पिढ्या पाण्यात गेल्या आमच्या, आन् तू मले पाणी शिकवते काय?"

मनकर्णानं धुणं दोरीवर वाळत घातलं. पण दुसर्‍या दिवसापासून ती रोज त्याच घाटावर जाऊ लागली. जवळचा घाट सोडून, डोक्यावर धुण्याचं गाठोडं घेऊन, सगळ्या तलावाला वळसा घालून. दिवस उजाडला की निघायची ती वारलू बंदूक खाली ठेवेपर्यंत तिथंच. वारलू मनात म्हणाला, खरंच भीती वाटली असती तर बाई तिकडं फिरकली असती का? बायकोनं आपली गंमत केली, एवढंच त्यानं धरलं. त्याचा हात आणखी मोकळा झाला.

महिना गेला. पाणकावळे कमी झाले, पाण्यात बोटाएवढी पिलं चमकू लागली. सोमाजीनं चारचौघांत वारलूची पाठ थोपटली. वारलूची छाती दोन इंच फुगली, खोटं कशाला बोला.

आणि एका सकाळी तान्हं लेकरू कडेवर घेऊन शेजारची वच्छला रडत पाळीवर आली. "वारलूभाऊ, तुमच्या बाईनं मले हाकललं! माझं धुणं पाण्यात फेकलं. घाट काय तिच्या बापाचा हाय?"

वारलू शरमेनं मेला. भांडकुदळ बायकोचा नवरा म्हणून आता मोहल्ल्यात मिरवायचं काय? त्यानं बंदूक रिकामी केली, खांद्यावर टाकली आणि तरातरा वळसा घालून पलीकडे गेला. मनकर्णा तलावाकडे पाठ करून धुणं आपटत होती.

"काऊन भांडली वच्छलासंग? पागल झाली काय?"

तिनं ओले हात लुगड्याला पुसले, पदराची गाठ सोडली आणि हात पुढे केला. तळहातावर शिशाचे पाच छर्रे होते, एका बाजूनं चपटे झालेले. मग तिनं चोळीची बाही वर सरकवली. दंडावर दोन काळेनिळे डाग होते. एक जुना, एक ताजा.

वारलूनं एक छर्रा उचलला. लहानपणी याच तलावात तो चपटे दगड फेकायचा. नीट आडवा फेकला की दगड पाण्यावरून टप्पे घेत थेट काठाला लागायचा, आणि पोरं ते टप्पे मोजायची.  तो तिथंच चिखलात बसला.

"मले दाखवलं काऊन नाई?"

"दाखवलं असतं तं तुमी त्याच दिवशी बंदूक ठेवून देली असती. मंग बीज कोणी राखलं असतं?"

"आन् तू? तू काऊन इथी येत राह्यली?"

मनकर्णानं बाही खाली ओढली. "या घाटावर धुवायले दगड एकच हाय. मी बसली, का दुसरं कोणी बसत नाई."