उघडी बंदूक

"नळी खाली. अजून खाली. हां, आता वरची कळ अंगठ्यानं उजवीकडे ढकल."

सुनेनं कळ ढकलली. दुनळी मधोमध मोडली, नळ्या खटकन खाली पडल्या आणि ती दचकली.

"घाबरायचं नाही. उघडी बंदूक म्हणजे नुसतं लोखंड," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी इतक्या लोकांना ऐकवलं होतं की आता ते खोकल्यासारखं आपोआप बाहेर पडायचं.

नेमबाजीच्या मैदानावर आज फारसं कुणी नव्हतं. लांबच्या खड्ड्यातलं यंत्र मधूनच एखादी मातीची चकती आभाळात भिरकावत होतं. कुणीतरी ती फोडत होतं, बहुतेक वेळा चुकत होतं. बायको गेल्यापासून मास्तरांना हे मैदान नको झालं होतं, आणि घर त्याहून नको. शिकवायचं म्हणून ते शिकवत होते.

सुनेनं मात्र आज सकाळी नवलच केलं होतं. लग्न होऊन आल्यापासून ती बंदुकीच्या कपाटाजवळ केरसुणीसुद्धा नेत नसे. आज चहाचा कप पुढं ठेवत म्हणाली, "बाबा, मला शिकवाल?"

"नळ्यांमधून आरपार बघ," मास्तर म्हणाले. "पलीकडचा उजेड दिसला पाहिजे. आत काही अडकलं असेल आणि तू बार काढलास, तर नळी फुटते. काडतूस भरायचं ते बार काढायच्या चौकटीत उभं राहिल्यावर, आपली पाळी आली की. एरवी बंदूक उघडी आणि रिकामी."

"आणि बंद कधी करायची?"

"उडवायच्या आधी. तोंड समोर, मैदानाकडे. बोट चापाच्या बाहेर. मागून कुणी हाक मारली तरी वळायचं नाही. आधी उघडायची, मग वळायचं."

तेवढ्यात मैदानावरचं जुनं गिऱ्हाईक, सगळे ज्याला शेठ म्हणत तो, बंद बंदूक खांद्यावर टाकून शीळ घालत बाकाकडे आला.

"शेठ, उघडा ती."

"रिकामी आहे हो मास्तर."

"असेल. मला बंद दिसतेय."

"म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नाही."

"तुमच्यावर आहे. तिच्यावर नाही."

शेठ हसला, पण बंदूक उघडून हातावर आडवी घेतली आणि मगच बाकावर टेकला. सून हे सगळं टक लावून बघत होती. तिचे डोळे लाल होते. सकाळपासून तिनं चारदा तरी जांभई दाबली असेल.

मास्तरांनी खिशातून सरावाची दोन खोटी काडतुसं काढून तिला दिली. तिनं ती भरली, बंदूक बंद केली, उघडली, काढली. पुन्हा भरली. बोटं हळूहळू सरावली.

"चल आता, खरी घेऊ. एक चकती फोडून बघ."

"नको बाबा. उडवायला नाही शिकायचं मला."

"मग?"

"रिकामी करायला." तिनं कळीवर अंगठा ठेवला. "ही उघडताना खट्ट वाजते. आवाज न करता उघडता येते?"

मास्तरांनी कळीवरच्या तिच्या अंगठ्याकडे बघितलं. मग त्यांनी तिचा डावा हात धरून नळ्यांखाली नेला. "इथून पेल. कळ ढकललीस तरी नळ्यांना पडू द्यायचं नाही, हातानं उतरवायच्या. न उडालेली काडतुसं जागची जराशी वर येतात. चिमटीत धरून काढायची."

"अंधारात जमेल?"

आता मात्र मास्तरांना घरचं बंदुकीचं कपाट आठवलं. कपाटाच्या दोन किल्ल्या होत्या. एक त्यांच्याकडे, दुसरी मुलाकडे. मुलगा मुळात तापट. आई गेल्यापासून तर घरात कुणाशी धड बोलत नव्हता. परवा भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट ढकलून उठला होता. त्या रात्री दोघांच्या खोलीतून उशिरापर्यंत दबक्या आवाजात बोलणं चाललं होतं. मास्तरांनी ते ऐकलं होतं आणि कानाआड केलं होतं. नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला पडायचं, असं तेव्हा वाटलं होतं.

त्यांनी शेठकडे नजर टाकली. तो लांब होता, चष्मा पुसत होता.

"पोरी, खरं सांग," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "तो तुला बंदुकीचा धाक दाखवतो?"

"कोण?"

"माझा मुलगा. माझ्यापासून लपवू नकोस. आज घरी गेलो की आधी त्याच्याकडची किल्ली काढून घेतो. तो पोटचा असला तरी तू मला परकी नाहीस."

तिनं मान हलवली. "त्यांना यातलं काहीच माहीत नाही बाबा. त्या रात्री सांगायला गेले होते, पण जीभ रेटली नाही."

"मग कुणाची भीती वाटते तुला?"

काडतुसं पुन्हा भरून तिनं बंदूक बंद केली. डोळे मिटले. डावा हात नळ्यांखाली गेला, अंगठ्यानं कळ ढकलली. जराही आवाज झाला नाही. चाचपडत दोन्ही काडतुसं काढून तिनं मास्तरांच्या हातात ठेवली, आणि त्यांची मूठ आपल्या मुठीनं मिटून घेतली.

"मी रोज रात्री तुमच्या दाराबाहेर बसून असते बाबा," ती म्हणाली. "तुमचा डोळा लागला की तुमच्या मांडीवरची भरलेली बंदूक उचलून रिकामी करायची, एवढंच मला येत नव्हतं."