सोपे गडी

रविवारपर्यंत एका लढाईच्या ऑनलाइन गेममध्ये पहिल्या शंभरात नाव आलं, तर गेमिंग क्लबच्या संघात माझी निवड. नाहीतर सोमवारपासून बाबांच्या छापखान्यात कागद रचायचे, असं घरात ठरलं होतं. आणि गेम तर भलताच न्यायी! दोन्ही संघ इतके तोलूनमापून जुळवायचा की मी एक सामना जिंकायचो, एक हरायचो. महिनाभर नाव जागचं हललं नाही.

शेवटी डोकं चालवलं. खालच्या पातळीवर घसरलो की सोपे गडी मिळणार, आणि सलग दहा जिंकले की गेम थेट वर उचलतो. म्हणून लागोपाठ वीस सामने मुद्दाम हरलो. किल्ल्याचा दरवाजा उघडा टाकून सैन्य भलतीकडेच न्यायचो आणि आपल्याच संघातल्या चौघांच्या शिव्या खायचो.

"अरे, हे काय चालवलंयस?" ताईने मागून विचारलं.

"जिंकायची तयारी."

शनिवारी दुपारी एकदाचा खाली पोचलो. पहिल्याच सामन्यात आमचा धुव्वा उडाला. दुसऱ्यातही. तिसऱ्यात समोरच्याने लिहिलं, "नवीन दिसतोस. इथे आम्ही सगळेच वरून मुद्दाम हरून आलोय."

रविवारी संध्याकाळी ताईने खांद्यावर हात ठेवला. "बास कर रे राजा. आज तरी मुद्दाम हरू नकोस."

 

"ताई, कालपासून मी जीव तोडून खेळतोय गं."