भिरक्याचा हात

भिरक्यावर अन्याय झाला, याबद्दल कांद्याच्या रानात खुरपणाऱ्या बायकांचं अगदी एकमत होतं.

काल बारामतीच्या बाजारतळावर तंबूतला मुका सिनेमा पाहून त्या बैलगाडीने वडगावला परतल्या होत्या. डोळ्यांवर झोप होती, पण तोंडाला सुट्टी नव्हती. सिनेमात तोंडाला फडकं बांधून गरिबांसाठी लढणारा निळा स्वार होता. पडद्यावर तो काळाच दिसत होता, पण नाव निळा. त्याच्यामागे गोफण घेऊन पळणारा, नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा म्हणजे भिरक्या. बायकांनी निळ्या स्वाराला केव्हाच निकालात काढलं होतं.

"सारी कामं पोरानं करायची," सरूबाई म्हणाली. "किल्ल्याचा दोर त्यानं कापला, पाटलाची पोर त्यानं सोडवली. आन हार कुणाच्या गळ्यात? त्या घोड्यावरल्या मुडद्याच्या."

"पोराला एखादं तट्टू तरी द्यायचं," शेजारची वहिदा म्हणाली. "सारा शिनिमा पायी पळतंय बिचारं."

"आन भाकर? ह्यानं आधी खाल्ली, उरल्याली त्याला. मी आसते तर म्होरचं ताटच वढलं आसतं."

सरूबाईला खरोखरच राग आला होता. काल तंबूतसुद्धा तिने उठून पडद्याला दम भरला होता, आणि शेजारणींनी पदर ओढून तिला खाली बसवलं होतं.

तिची सून विजयमाला मात्र खुरप्याशीच झगडत होती. ही नवी सून डावखुरी. डाव्या हाताने खुरपलं की घरात अवदसा येते असं सरूबाईचं मत, म्हणून पहिल्याच दिवशी तिने खुरपं सुनेच्या उजव्या हातात दिलं होतं. उजव्या हाताने विजयमाला तणाबरोबर कांदाही उपटायची. तिची पात, म्हणजे खुरपायची ओळ, कायम सगळ्यांच्या मागे. आज कालव्याच्या पाण्याची पाळी होती. पाणी यायच्या आत वाफे उरकायचे होते, आणि आपल्यापायी ते उरकणार नाहीत हे दिसत असल्यामुळे तिला रडू येत होतं.

"पर नेम बगितला का त्याचा?" वहिदा म्हणाली. "डाव्या हातानं गोफण फिरवतंय, आन धोंडा बरोबर कपाळात."

"डाव्या?" सरूबाईचं खुरपं थांबलं.

"मंग. तरवारबी डाव्याच हातात हुती. तुमी काय बगत हुता, मावशी?"

सरूबाईने डोळे मिटून आठवलं. खरंच की. "आसंना का डावखुरं. देवानं ज्या हातात कसब दिलंय त्याच हातानं करनार की लेकरू. उजव्यानं मारायला लावलं आसतं तर पयल्याच लढाईत मेलं आसतं."

बोलून झाल्यावर तिला आपण काय बोललो ते कळलं. वहिदाने मान खाली घातली, पण तिचे खांदे हसत होते. विजयमालाने सासूकडे पाहिलं. सासू आभाळात ढग नसताना ढग शोधत होती. विजयमालाने हळूच खुरपं डाव्या हातात घेतलं.

आता तण मुळासकट निघू लागलं आणि कांद्याला धक्का लागेना. तिला इतकं बरं वाटलं की ती गुणगुणायला लागली. बांध येईतो तिने वहिदालाही मागे टाकलं होतं.

तेवढ्यात सरूबाईचा मुलगा रामहरी खांद्यावर फावडं टाकून पाणी धरायला आला. बायकोचा हात पाहून तो थबकला.

"आये, ह्ये काय?"

"भिरक्या न्हाय का डावखुरा? तसंच."

रामहरी हसायला लागला. तंबूत पडदा मधोमध टांगलेला होता, पुढे पुरुष आणि मागे बायका. पडद्यावर पाणी मारलं की चित्र दोन्हीकडून दिसायचं, फक्त मागच्यांना ते उलटं दिसायचं.

"तुमी पडद्यामागं बसलावता," तो म्हणाला. "तितनं उजवं ते डावं दिसतं. भिरक्या उजव्याच हाताचा हाय."

विजयमालाचं गुणगुणणं थांबलं. खुरपं मुकाट्याने उजव्या हातात गेलं.

सरूबाईने ते पाहिलं. मग सुनेने काढलेल्या स्वच्छ पातीकडे पाहिलं.

"पडद्यामागं तुमी बसलावता," ती म्हणाली. "आमी म्होरं हुतो."

"आगं, न्हाय. मदीमदी अक्षरं येत हुती, ती आमाला सुलटी दिसत हुती."

"तुला वाचाया येतं का?"

"न्हाय."

"मंग सुलटी का उलटी, तुला काय ठावं?"

वहिदा हसता हसता वाफ्यातच बसली. रामहरीने तरी हट्ट सोडला नाही. "डाव्या हातानं आवदसा येती, आसं तूच म्हनत हुतीस."

"आता पानी कंच्या कालव्याचं धरनार हायस?"

"नीरेच्या डाव्या."

"मंग जा, धर."

रामहरी फावडं घेऊन पाटाकडे गेला. जाताना तोही हसत होता.

एक वाफा उरला होता. सगळ्यांत पुढची पात जाणत्या बाईने धरायची. या रानात ती आजवर सरूबाईने कुणाला दिली नव्हती. तिने सुनेच्या उजव्या हातातलं खुरपं काढून डाव्या हातात ठेवलं आणि स्वतः दोन पावलं मागे सरकून बसली.

"म्होरची पात तू धर. मी येते तुज्या मागनं."