मुख मोकळं
या, पुढे सरका, माझ्याच फजितीची गोष्ट सांगतो. खारं पाणी नको म्हणून शेतकऱ्यांनी बंधाऱ्याचं दार लावलेलं, अन् इकडे कोळ्यांची खाडी गाळाने मरत होती. शास्त्रीय सल्ल्याला मी! कार्यशाळांमागून कार्यशाळा गर्जलो, "नदीचं मुख मोकळं करा!" शेवटच्या कार्यशाळेला घसाच बसला. फळ्यापाशी मुका उभा राहिलो.

एक शेतकरी कोळ्याला म्हणाला, "मामा, साहेब गप्प आहेत तोवर सांगा, दार उघडू कधी?"

"ओहोटीला उघड की! गाळ जाईल, खारं पाणी येणार नाही. कधीचं सांगायचं होतं, पण यांचं संपेल तर ना!"

खाडी वाहती झाली. त्या शेवटच्या कार्यशाळेच्या आदल्या दिवशी आग्रहाने मला बर्फाचं पाणी पाजलं होतं आमच्या मंडळींनी. माहेर खाडीकाठचं! देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या माउलीची आठवण ठेवा.