शेडची जागा

संध्याकाळपर्यंत जागा ठरली नाही, तर बसथांब्याच्या शेडचा पडून राहिलेला निधी परत जाणार होता. सरपंच मंजुषा चुन्याच्या फक्कीचं घमेलं घेऊन सकाळपासून चाकणच्या रस्त्यावर फिरत होती. जिथं रेघ ओढावी, तिथला मालक म्हणे, "आमच्या गाळ्यासमोर नको." दुपारच्या शिफ्टला निघालेल्या गावातल्या बायका पलीकडच्या कडेला उन्हात बसची वाट बघत होत्या. अखेर रस्ता ओलांडून ती शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत चौकोन आखू लागली. तिथले सरपंच अर्जुनराव लगबगीनं आले. "ताई, ही हद्द आमची हाय." "ठाऊक आहे. निधी आमचा, जागा तुमची. ठराव मी देते, संमती तुम्ही द्या." अर्जुनराव हसले. "गावाचा पैसा दुसऱ्याच्या शिवारात? लोक जोड्यानं हाणतील तुमाला." मंजुषानं चौकोनाची शेवटची रेघ ओढली. "हाणू द्या. निदान सावलीत उभं राहून हाणतील."